व्हॅक्यूम क्लीनर, कॅनिस्टर : पिशवीचा व चक्रवाती

चाकांवर सरकणारी पेटी, तिला जोडलेली लवचीक नळी आणि नळीच्या टोकाला बदलता येणारे ब्रश व तोंडे, अशा रचनेचे घरगुती सफाईयंत्र. मोटर, पंखा आणि धूळ साठवण्याची जागा जमिनीवरच्या पेटीत असते. हातात फक्त पोकळ दांडा राहतो. त्यामुळे तो पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत, पडद्यांवर आणि छताच्या पंख्यापर्यंत सहज नेता येतो. या यंत्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात धूळ पिशवीत अडवली जाते. दुसऱ्यात हवा वेगाने गोल फिरवून धूळ डब्यात पाडली जाते. त्याला चक्रवाती किंवा बिनपिशवीचा म्हणतात. दोन्हींचा आकार, किंमत आणि वॉटचा आकडा सारखा असू शकतो. मात्र हवेपासून धूळ वेगळी करण्याची रीत भिन्न असते आणि वापरातले जवळजवळ सगळे फरक तिच्यातूनच निघतात.

इतिहास : धूळ फुंकून उडवण्याऐवजी ओढून घेणारे यांत्रिक साधन ब्रिटिश अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये पेटंट केले. ते घोडागाडीवरून फिरे आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. सातव्या एडवर्डच्या १९०२ मधील राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ केले गेले. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन येथे सफाई कामगार असलेल्या जेम्स मरे स्पँग्लर यांना दम्याचा त्रास होता. त्यांनी विजेवर चालणारे, एका माणसाला ढकलता येईल असे उभे यंत्र बनवले. त्याचे पेटंट १९०८ मध्ये मिळाले आणि पुढे विल्यम हेन्री हूवर यांनी ते बाजारात आणले. कॅनिस्टरचा पूर्वज स्वीडनमधला आहे. इलेक्ट्रोलक्स कंपनीच्या १९२१ मधील ‘मॉडेल व्ही’ या यंत्रात मोटर आणि धूळपिशवी आडव्या नळकांड्यात होती आणि ते नळकांडे घसरपट्ट्यांवर मागे मागे ओढता येई.

लाकडाच्या गिरण्यांत भुसा वेगळा करण्यासाठी शंकूच्या आकाराची चक्रवाती साधने आधीपासून वापरात होती. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे तत्त्व घरगुती यंत्रात आणण्याचे काम सुरू केले. ५,१२७ नमुन्यांनंतर यंत्र मनासारखे जमले. ‘जी-फोर्स’ हे त्यांचे यंत्र १९८६ मध्ये जपानमध्ये विकले जाऊ लागले, १९९३ मध्ये उभे ‘डीसी०१’ आले आणि १९९५ मध्ये आलेल्या ‘डीसी०२’ ने चक्रवाती रचना कॅनिस्टरमध्ये आणली. भारतात फोर्ब्ज आणि इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून १९८२ मध्ये युरेका फोर्ब्ज ही कंपनी स्थापन झाली. तिचे विक्रेते दारोदार जाऊन गिऱ्हाइकाच्या घरातच प्रात्यक्षिक दाखवत. मुंबई-पुण्यातल्या अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी व्हॅक्यूम क्लीनर पहिल्यांदा पाहिला तो असा.

ओढ आणि वॉट : मोटर पंखा फिरवते, पेटीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा धूळ घेऊन नळीतून आत शिरते. नळीचे तोंड पूर्ण बंद केले तर घरगुती यंत्र सुमारे २० किलोपास्कल इतका दाबफरक निर्माण करू शकते. वातावरणाच्या दाबाचा हा साधारण पाचवा हिस्सा. पण तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, त्यामुळे कचराही उचलला जात नाही. तोंड मोकळे सोडले की हवा भरपूर वाहते, पण दाबफरक घटतो. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मधे होते. ते मोजायला दाबफरक आणि प्रवाह यांचा गुणाकार करतात : दाबफरक १० किलोपास्कल आणि प्रवाह सेकंदाला २५ लिटर असेल तर हवेला मिळणारी शक्ती २५० वॉट. खोक्यावर ठळक छापलेला १,२०० किंवा १,६०० हा आकडा मात्र यंत्र किती वीज घेते एवढेच सांगतो. दोन यंत्रांची तुलना त्या आकड्यावर करणे ही खरेदीतली सर्वांत मोठी चूक आहे.

पिशवीची रीत : धूळभरली हवा पिशवीत शिरते, पिशवीच्या भिंतीतून गाळली जाते आणि मोटरकडे जाते. पिशव्या कागदी, धुऊन वापरायच्या कापडी किंवा कृत्रिम धाग्यांच्या न विणलेल्या अनेक थरांच्या असतात. भिंतीवर धुळीचा थर बसत जातो तसा हवेला होणारा अडथळा वाढतो आणि ओढ कमी होते. तोच थर स्वतः गाळणीचेही काम करत असल्याने अधिक बारीक कण अडू लागतात. कापडी पिशवी स्वस्त पडते, पण तिच्या विणीतून सूक्ष्म धूळ सुटते आणि ती झटकताना बरीचशी पुन्हा घरात पसरते. अनेक थरांची पिशवी या बाबतीत फार सरस असते आणि ओढही अधिक काळ टिकवते.

चक्रवाती रीत : हवा डब्यात बाजूने, भिंतीला लगटून शिरते आणि भोवऱ्यासारखी फिरते. जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली पडतात, हवा मधून वर निघते. कणांवरचा जोर वेगाच्या वर्गानुसार वाढतो आणि त्रिज्या लहान होईल तसाही वाढतो. हवेचा वेग सेकंदाला २० मीटर आणि त्रिज्या ५ सेंमी. धरली तर कणांवरचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सुमारे ८०० पट होतो. त्रिज्या १ सेंमी. केली तर सुमारे ४,००० पट. म्हणूनच अनेक यंत्रांत मोठ्या चक्रवातानंतर लहान शंकूंची रांग असते. डबा भरत आला तरी हवेच्या वाटेत धुळीची भिंत उभी राहत नाही, हा या रचनेचा मोठा गुण. मात्र सर्वांत बारीक कण शंकूंतूनही निसटतात आणि मोटरपुढच्या फिल्टरवर बसतात. तो वेळेवर धुतला नाही तर या यंत्राचीही ओढ घटते.

वापरातील तुलना : पिशवी बहुधा ३ ते ४.५ लिटरची असते, डबा बहुधा दीड-दोन लिटरचा. म्हणून डबा अधिक वेळा रिकामा करावा लागतो. खरा फरक या रिकामे करण्यातच आहे. झाकण असलेली पिशवी बंद करून जशीच्या तशी टाकता येते. डबा उघडताना बारीक धुळीचा लोट उठतो आणि स्थिर विद्युतभारामुळे उरलेली धूळ प्लॅस्टिकला चिकटून राहते. घरातल्या धुळीतील माइट या किड्यांची विष्ठा ॲलर्जीचे प्रमुख कारण असते. गादीतून इतक्या कष्टाने काढलेली ही धूळ डबा उघडताना श्वासात गेली, तर दमेकऱ्याच्या दृष्टीने सगळी सफाई फुकट जाते.

खर्चाचे पारडे उलट्या बाजूला झुकते. पिशव्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात आणि त्या मॉडेलची पिशवी बाजारातून गेली की चांगले यंत्रही निकामी होते. चक्रवाती यंत्राला हा परावलंबीपणा नाही. पडलेली अंगठी किंवा कुडी पारदर्शक डब्यात लगेच दिसते, हाही लाभ. लांब केस मात्र डब्यातल्या जाळीला गुंडाळले जातात आणि हाताने काढावे लागतात. आवाज सर्वसाधारणपणे चक्रवाती यंत्राचा जास्त असतो.

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या दमट हवेत दोन्ही यंत्रे कसोटीला लागतात. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. ओला फिल्टर बसवून यंत्र चालवल्यास मोटर बिघडू शकते, म्हणून जोडीला दुसरा फिल्टर ठेवणे इष्ट. पिशवीत साठलेल्या सेंद्रिय कचऱ्याला या दिवसांत कुबट वास येतो. ती भरण्याची वाट न पाहता बदलावी. भिंत फोडल्याची सिमेंट-प्लास्टरची धूळ पिशवीची छिद्रे आणि फिल्टर दोन्ही झटपट बुजवते. ती घरगुती यंत्राने ओढूच नये. सांडलेले पाणी आणि उदबत्तीची धगधगती राख यांनाही दोन्ही यंत्रे निषिद्ध आहेत.

शेवटची गाळणी : दोन्ही प्रकारांत मोटरनंतर हेपा फिल्टर बसवता येतो. युरोपीय वर्गवारीतील ‘एच१३’ दर्जाचा फिल्टर, गाळायला सर्वांत अवघड आकाराचे कणही किमान ९९.९५ टक्के अडवतो. पण पेटीच्या सांध्यांतून हवा गळत असेल तर फिल्टरचा दर्जा कागदावरच राहतो. झाकणाभोवतीचे रबर घट्ट बसते की नाही, हे म्हणूनच हाताने तपासावे.

मापन आणि वाद : युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरची कमाल वीजशक्ती १,६०० वॉटवर आणली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वॉट केली, त्याच वेळी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल ठरली. कमी वॉटची यंत्रेही चांगली सफाई करू शकतात, हे मान्य करूनच हे नियम झाले. यंत्रांवर लावायच्या ऊर्जा-पट्टीबद्दल मात्र वाद झाला. चाचणी रिकाम्या यंत्रावर घेतली जाई, आणि भरताना ओढ घटण्यातला फरक त्यामुळे झाकला जातो, असा डायसन कंपनीचा आक्षेप होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने तो ग्राह्य धरून पट्टीचा नियम रद्द केला. वीजशक्तीची मर्यादा कायम राहिली. हा आक्षेप एका उत्पादकाने आपल्या हितासाठी घेतला असला तरी त्यातले तत्त्व प्रत्येक गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे आहे : यंत्राची पारख ते अर्धे भरलेले असताना करावी.

निवड : घरात दमा किंवा ॲलर्जी असेल, गाद्या-सोफ्यांची सफाई जास्त असेल आणि पिशव्या नियमित मिळत असतील, तर अनेक थरांच्या पिशवीचे, हेपा फिल्टर असलेले यंत्र घ्यावे. लादीवरचा कोरडा कचरा जास्त, पिशव्या मिळणे अवघड आणि दर महिन्याला फिल्टर धुण्याची शिस्त असेल, तर चक्रवाती यंत्र चांगले. कापडी पिशवीचे यंत्र सर्वांत स्वस्त असले तरी श्वासाचा त्रास असलेल्या घरात ते घेऊ नये. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला पेटी उघडून दाखवायला सांगावे, पिशवी किंवा डबा स्वतः काढून पुन्हा बसवावा आणि फिल्टरची व पिशवीची किंमत वर्षभराच्या हिशेबाने जोडावी. हे केल्यावर सारखी दिसणारी दोन यंत्रे सारखी राहत नाहीत, आणि आपल्या घराला कोणते हवे ते सहज ठरवता येते.