खोट्या रस्त्याची कुळकथा

ट्रामचे अपघात वाढले होते. अपघात करणारा मोटरमन नोकरीवर घेण्याआधीच ओळखता येईल का, असा प्रश्न १९१२ च्या सुमारास हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्यापुढे आला. त्यांनी रस्ता कागदावर उतरवला. लांबट कार्डाच्या मधोमध दोन जाड रेघा, म्हणजे रूळ. दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये आकडे. १ म्हणजे पादचारी, २ म्हणजे घोडागाडी, ३ म्हणजे मोटार; जितका आकडा तितकी घरं ते वाहन सरकणार. काळे आकडे रुळाला समांतर जाणारे, त्यांची चिंता नाही. लाल आकडे रुळाकडे येणारे. लाल ३ रुळापासून चार घरं लांब असेल तर पोचणार नाही, दोन घरांवर असेल तर रूळ ओलांडून जाईल. बरोबर तिसऱ्या घरात असेल तर टक्कर. मोटरमन हँडल फिरवी, कार्डं काचेखालून सरकत आणि धोक्याची जागा त्यानं तेवढ्यात सांगायची.

बोस्टनच्या ट्राम कंपनीनं वर्षानुवर्षं अपघात न केलेले मोटरमन पाठवले, तसेच अपघातांपायी नोकरी जायची वेळ आलेलेही. ट्रामच्या पुढच्या फलाटावर उभं असल्यासारखंच वाटतं, असं त्यांनी सांगितलं. ना हालचाल, ना आवाज, तरी लक्ष तसंच ताणलं जात होतं. आजच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरचा मूळपुरुष मी या कार्डालाच मानतो.

पण यात तपासणी होत होती ती माणसाची. वाईट चालक वेगळा काढायचा, एवढाच हेतू.

हालचाल आली ती दुसऱ्या घराण्यातून. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून लिंकनी १९२९ मध्ये जागच्या जागी कलणारं, डुलणारं विमान बनवलं आणि वैमानिक त्यावर शिकू लागले. पुढे १९५० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या डनलॉप कंपनीत एरिक गफ यांनी टायर तपासायला सहा पायांचं यंत्र उभारलं. पाय हवे तसे लांब-आखूड केले की वरचा मंच कुठल्याही दिशेला कले. टायरसाठी जन्मलेली ही रचना विमानांच्या सिम्युलेटरकडे गेली आणि तिथून मोटारीकडे परतली. १९८५ मध्ये बर्लिनला डाइम्लर-बेंझनं सहा हायड्रॉलिक पायांवर मोठा घुमट बसवला. आत खरी गाडी, समोर पडद्यावर रस्ता.

इथे कथेला वळण मिळालं. अचानक अडथळा आला की साधे चालक काय करतात, हे त्या घुमटात बघितलं गेलं. ब्रेकवर पाय झटकन जात होता, पण पुरेसा जोर लावला जात नव्हता. यावर चालकाला दटावून उपयोग नव्हता. पेडल किती वेगानं दाबलं यावरून संकट ओळखून गाडीच पूर्ण ब्रेक लावेल, अशी यंत्रणा तयार झाली आणि १९९६ मध्ये बाजारात आली. चुकणारा माणूस गृहीत धरून यंत्र बदलायचं, हा विचार मला या साऱ्या कुळात सर्वांत मोलाचा वाटतो.

आयोवा विद्यापीठातल्या सिम्युलेटरचा घुमट तर साधारण वीस मीटर लांब-रुंद जागेत धावतो. गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्थैर्य यंत्रणेची परीक्षा तिथे झाली. यंत्रणेशिवाय शंभरातल्या सुमारे २८ चालकांचा ताबा सुटला, यंत्रणा असताना सुमारे तिघांचा. हीच परीक्षा खऱ्या निसरड्या रस्त्यावर, अनोळखी माणसांना गाडीत बसवून कोण घेईल? अमेरिकेनं २००७ मध्ये या यंत्रणेच्या सक्तीचा नियम केला.

सिम्युलेटरमध्ये मरण नसतं, हे चालकाला ठाऊक असतं. काहींना आत मळमळतं. त्यामुळे तिथल्या वेगाचा आकडा जसाच्या तसा खरा मानू नये. दोन पर्यायांत कुठला बरा, हे मात्र सिम्युलेटर विश्वासानं सांगतो.

नॉर्वेनं हाच प्रश्न रस्त्याबद्दल विचारला. लेर्डालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा. एकसुरी भिंती बघत वीस मिनिटं गाडी हाकायची तर डोळा लागायची भीती. ट्रोनहाइममधल्या सिम्युलेटरवर चालक बसवून आराखडे तपासले गेले. २००० मध्ये बोगदा खुला झाला तेव्हा त्यात दर सहा किलोमीटरवर एक, अशा तीन प्रशस्त गुहा होत्या. वर निळा प्रकाश, खाली कडेला पिवळा, पहाट झाल्यासारखा.

आपल्याकडेही आयआयटी मुंबईत सिम्युलेटरवर मोबाइलवर बोलणाऱ्या चालकांचा अभ्यास झाला आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि तो सुरू झाल्यापासून त्याच्या सरळ, एकसुरी पट्ट्यांवर येणाऱ्या गुंगीची चर्चा थांबलेली नाही. किती अंतरावर काय बदललं तर डोळा उघडा राहील, रंग, झाडं, वळण की खडबडीत पट्टी, हे पुढच्या महामार्गाचं काँक्रीट पडण्याआधी सिम्युलेटरवर तपासून घ्यावं आणि त्याचा खर्च निविदेतच धरावा.