नेमबाजाची रायफल आणि कायद्याचें माप

अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें १५४९ सालीं मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिरानें 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. आज ती विजापुराच्या तटावर आहे. तिच्या तोंडाचा व्यास सुमारें २८ इंच भरतो. तोफ असो कीं बंदूक, नळीच्या या अंतर्व्यासालाच 'बोअर' म्हणतात. आणि याच जिल्ह्यांतील एखाद्या गृहस्थानें नेमबाजीसाठीं रायफल घ्यावयाची म्हटली, तर त्याला इंचाचे शतांश व सहस्रांश मोजावे लागतात. .२२, .३०३, .३१५ हे आंकडे दिसावयास निरुपद्रवी. पण त्यांतील कोणता आपल्या वाट्यास यावा, हें ठरविण्यांत नेमबाजापेक्षां सरकारचाच हात फार दिवस मोठा राहिला.

बोल्टाची रायफल ही मूळची लष्करी वस्तु. दाराच्या कडीसारखा दांडा उचलून मागें ओढला कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें, पुढें ढकलला कीं नवें आंत बसतें, आणि खालीं दाबला कीं नळीचें बूड घट्ट बंद होतें. बार उडतांना आंत फारसें कांहीं हलत नाहीं, म्हणून नेमाला ती स्थिर. इंग्रजी फौजेनें १८९५ त ली-एनफील्ड रायफल स्वीकारली; तिचीच आंखूड आवृत्ति पुढें बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत हजारोंनीं तयार झाली. 'थ्री-नॉट-थ्री' हें तिचें नांव छावणीपासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं बसलें. काडतुसेंही दूरचीं नव्हेत. पुण्यानजीक खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा, आणि त्याची 'के. एफ.' ही मुद्रा काडतुसाच्या बुडावर असे.

अशी घरची रायफल असतां ती सामान्य माणसास मिळूं नये, हें चमत्कारिक वाटेल. त्याचें मूळ १८५७ च्या धास्तींत आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें एतद्देशीयांस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली व युरोपियनांना मोकळीक ठेवली. काँग्रेसनें आरंभींच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढें फौजेचें काडतूस ज्या बंदुकींत चालेल तिचा बोअरच खाजगी हातांस निषिद्ध झाला. चोरलेलें लष्करी काडतूस बाहेरच्या बंदुकींत बसूं नये, एवढाच त्यांतील हिशेब. व्यापाऱ्यांनीं त्यांतून वाट काढली : सांगाडा ली-एनफील्डचाच ठेवावयाचा आणि नळी .३१५ ची बसवावयाची. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें अशा रायफली विकल्या; स्वातंत्र्यानंतर ईशापुरानें त्याच बनविल्या. गंमत अशी कीं, हें .३१५ काडतूसही मुळांत लष्करीच, ऑस्ट्रियाच्या फौजेचें. पण ती फौज हिंदुस्थानांत नव्हती! १९५९ चा नवा कायदा आला, तरी निषिद्ध बोअरची कल्पना कायम राहिली.

.३१५ ची गोळी २४४ ग्रेन वजनाची. निशाणाच्या सरावाला ती घेणें म्हणजे शुद्ध उधळपट्टी : काडतूस महाग, खांद्याला दणका, आणि त्या दणक्याच्या भीतीनें चाप ओढतांनाच डोळा मिटण्याची संवय. .२२ ची गोळी अवघी ४० ग्रेन, धक्का नाममात्र. १९४८ त एन. सी. सी. निघाली तेव्हांपासून कॉलेजांतील मुलांनीं नेम शिकला तो बहुधा याच बोअरच्या बोल्ट रायफलीवर. ऑलिंपिकमधील ५० मीटरच्या सामन्यालाही हाच बोअर; तेथें दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें.

१ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं याच अंतरावरील तीन आसनांच्या सामन्यांत ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें. वडील शिक्षक, मुलाच्या गोळ्यांसाठीं त्यांनीं कर्ज काढल्याचें त्या वेळीं वृत्तपत्रांत आलें. खरा खर्च येथें आहे. रायफल एकदां घ्यावयाची, काडतुसें नित्याचीं. शिवाय निरनिराळ्या खेपांचीं काडतुसें एकाच नळींतून सारखीं लागत नाहींत, म्हणून चांगली खेप सांपडली कीं तीच सांठवावी लागते.

तेव्हां बेतांत राहूं पाहणाऱ्या घरानें आरंभ १० मीटरच्या .१७७ एअर रायफलीवर करावा हें उत्तम. ठराविक शक्तीच्या आंत तिला परवानाही लागत नाहीं. हात बसल्यावर मग .२२. तिचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींत द्यावयाचा. परवान्यावर काडतुसांची संख्याही लिहिलेली असते, आणि त्या आंकड्याबाहेर दुकानदारास एकही देतां येत नाहीं.