तापन नळयोजना, औद्योगिक

कारखाना, गोदाम, दुरुस्तिशाळा इ. विस्तीर्ण जागा उबदार ठेवण्यासाठी बसविलेल्या तापकांना वाफ किंवा गरम द्रव पुरविणारी आणि उष्णता देऊन झाल्यावर उरलेले पाणी अथवा द्रव बाष्पित्राकडे परत नेणारी नळांची व्यवस्था. उष्णता तापकापर्यंत पोहोचविण्याचे काम तुलनेने सोपे ठरले. नळात साठणारे पाणी व अडकणारी हवा बाहेर काढण्याचे काम मात्र दीर्घकाळ अवघड राहिले. नळ बसविताना पाळावयाचे बहुतेक नियम या अडचणीतून निर्माण झाले आहेत.

तत्त्व : १ किग्रॅ. वाफ १००° से. तापमानाला द्रवरूप होताना सु. २,२५७ किलोज्यूल सुप्त उष्णता बाहेर टाकते. तेवढेच गरम पाणी १०° से.ने थंड झाल्यास केवळ सु. ४२ किलोज्यूल उष्णता मिळते. त्यामुळे वाफेसाठी कमी द्रव्य वाहून न्यावे लागते. परंतु वातावरणीय दाबाच्या वाफेचे पाणी होताना तिचे घनफळ सु. १,६०० पटींनी घटते. नळाच्या सखल भागी असे पाणी साचले, तर वेगाने येणारी वाफ त्याचा लोंढा पुढे ढकलते व तो वाकणावर किंवा झडपेवर आदळतो. यास जलाघात म्हणतात. त्याने सांधे निखळतात व प्रसंगी नळही फुटतो.

इतिहास : वाफेने घर गरम करण्याची कल्पना विल्यम कुक यांनी १७४५ मध्ये इंग्लंडमध्ये मांडली. जेम्स वॉट यांनी १७८४ मध्ये आपल्या अभ्यासिकेत तिचा प्रयोग केला. स्कॉटलंडमधील डॉर्नॉक येथे नील स्नॉडग्रास यांनी १७९९ मध्ये कापसाची गिरणी वाफेने गरम केली. त्याच सुमारास बोल्टन व वॉट यांनी सॉल्फर्ड येथील गिरणीत इमारतीच्या पोकळ ओतीव लोखंडी खांबांतूनच वाफ खेळविली. गिरण्यांत कापसाची तूस सर्वत्र उडत असल्याने उघड्या शेगड्यांमुळे आगीचे भय असे. वाफेच्या तापनास आश्रय मिळण्याचे ते एक प्रमुख कारण होते.

ओतीव लोखंडाचे नळ जड व ठिसूळ होते. कॉर्नीलिअस व्हाइटहाउस यांनी १८२५ मध्ये घडीव लोखंडाचे सांधलेले नळ तयार करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. अशा बारीक व मजबूत नळांमुळे उच्च दाब वापरणे शक्य झाले. एंजिअर मार्च पर्किन्स यांनी १८३१ मध्ये बंद नळांतून १००° से.पेक्षा पुष्कळ अधिक तापमानाचे पाणी फिरविण्याची पद्धती पुढे आणली. तथापि अतितप्त नळांलगतचे लाकूड करपण्याचा धोका असल्याने आगविमा कंपन्या तिच्याविषयी साशंक होत्या. अमेरिकेत बी. एफ्. स्टर्टेव्हंट यांनी १८६९ च्या सुमारास वाफेची वेटोळी व पंखा यांचा संयोग केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छताला टांगावयाचे, पंखा व वेटोळे एकाच पेटीत असलेले एकक तापक प्रचारात आले. भिंतीलगत लांबवर पसरलेल्या नळांचे काम आता एकाच ठिकाणी होऊ लागले व पाणीही तेथेच झपाट्याने साठू लागले. परिणामी तापकाच्या मुखाशी जोडलेल्या थोड्याशा नळांच्या मांडणीला मोठे महत्त्व आले.

नळांची मांडणी : वाफेच्या मुख्य नळाला प्रवाहाच्या दिशेने उतार देतात. तापकाकडे जाणारी शाखा मुख्य नळाच्या माथ्यावरून काढतात, म्हणजे तळाचे पाणी तिच्यात शिरत नाही. तापकाच्या बहिर्गम मुखाखाली गाळ बसण्यासाठी उभा नळखंड व त्याच्या बाजूने वाफसापळा जोडतात. हा सापळा पाणी व हवा जाऊ देतो, वाफ मात्र अडवितो. तापून नळ लांबतात, ३० मी. लांबीचा पोलादी नळ १००° से.ने तापल्यास सु. ३६ मिमी. वाढतो. ही वाढ सामावण्यासाठी वाकणे किंवा प्रसरण वेटोळी ठेवतात. नळांचा भार तापकावर पडू नये म्हणून त्यांना स्वतंत्र आधार देतात. गरम पाण्याच्या योजनेत पाणी सामान्यतः तापकाच्या खालून आत घेऊन वरून बाहेर काढतात व सर्वांत उंच जागी हवा सोडण्याची झडप बसवितात. हिवाळ्यात पाणी गोठण्याचा संभव असल्यास त्यात ग्लायकॉल मिसळतात.

सुरक्षितता : मॅसॅचूसेट्समधील ब्रॉक्टन येथे २० मार्च १९०५ रोजी पादत्राणांच्या एका कारखान्यातील जुन्या बाष्पित्राचा स्फोट होऊन ५८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९०७ मध्ये तेथे बाष्पित्रांविषयी कायदा झाला आणि अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनेही पुढे बाष्पित्रांची संहिता तयार केली. न्यूयॉर्कमध्ये जुलै २००७ मध्ये रस्त्याखालील, १९२४ साली टाकलेला वाफनळ फुटला. गळती बुजविण्यासाठी वापरलेले द्रव्य सापळ्यांत शिरून ते तुंबले होते आणि पावसाच्या पाण्याने नळ थंड होऊन आत पाणी साचले होते. जलाघाताने नळ फुटला. शंभर वर्षांपूर्वी ठरलेला, साठलेले पाणी काढून टाकण्याचा नियम किती अनिवार्य आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

मुंबईच्या उष्ण हवामानात गिरण्यांना अशा तापनाची गरज भासली नाही. तथापि खळ देणे, रंगाई यांसाठी तेथे वाफेचे नळ होते आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत उसाचा रस आटविण्यासाठी वाफ वापरतात. उतार, सापळा व प्रसरण यांविषयीचे नियम तेथेही तेच आहेत. १९२३ चा भारतीय बाष्पित्र अधिनियम बाष्पित्रांबरोबर वाफनळांनाही लागू होता. २०२५ मध्ये नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली.