दहा, नऊ, आठ

कल्याण हें आगगाडीचें जुनें नाकें. १८५३ सालीं लोहमार्ग ठाण्यास पोहोंचला, पुढील वर्षीं कल्याणास. येथूनच एक वाट कसाऱ्याकडे फुटते, दुसरी कर्जतकडे. घर सोडून मुंबईच्या ओढीनें निघालेलीं मुलें या दोन्ही वाटांनीं येत राहिलीं. त्यांचें संकट फलाटावर उघड दिसे. त्यांचें गाऱ्हाणें ऐकणारा कान मात्र दुर्मिळ होता.

तो कान १९९६ सालीं मुंबईंत लाभला. टाटा समाजविज्ञान संस्थेंतील अध्यापिका जेरू बिलिमोरिया यांचा रस्त्यावरील मुलांशीं निकटचा संबंध होता. अडचणींत सांपडलेलीं मुलें त्यांना अवेळीं दूरध्वनि करीत. त्यांतूनच अहोरात्र चालणाऱ्या क्रमांकाची योजना निघाली. विलायतेंत अशी सेवा १९८६ पासून होतीच. आपला क्रमांक ठरला १०९८. ‘दस, नौ, आठ’ ही उलटी मोजणी निरक्षर मुलाच्याहि जिभेवर सहज बसली. सार्वजनिक दूरध्वनीवरून त्यास नाणेंहि लागत नसे.

आज संकटानें फलाट सोडून घरांत प्रवेश केला आहे. डोंबिवलीचे आईबाप सकाळची लोकल गांठतात, दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळांत कोणी अनोळखी इसम मोबाईलवर मुलाचा मित्र बनतो, छायाचित्र मिळवितो आणि मग बदनामीची धमकी देतो. पूर्वींचें मूल घर सोडून पळे. यानें पळावें तरी कोठें?

कायदा स्वस्थ बसलेला नाहीं. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानें असा गुन्हा कळल्यास तो कळविणें प्रत्येकावर बंधनकारक केलें. २०१८ पासून सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर मुलांच्या अश्लील चित्रांविषयीं निनांवी तक्रारहि करतां येते. पैसे लुबाडले गेल्यास १९३० हा क्रमांक आहे. १०९८ चा कारभार २०२३ मध्यें सरकारनें हातीं घेऊन तो ११२ या आपत्कालीन सेवेशीं जोडला. आंकडे मात्र तेच राहिले.

तथापि आंकडे भिंतीवर असून भागत नाहीं, हें मी स्वानुभवानें सांगतों. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत नववीचा एक विद्यार्थी मधल्या सुट्टींत माझ्याकडे आला.

“सर, एक जण माझा फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणतो.”

मीं विचारलें, “अरे, पण तूं फोटो दिलासच कशाला?”

तो खालमानेनें निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशीं त्याविषयीं कधींच बोलला नाहीं. १०९८ चें पत्रक त्याच वर्गाच्या दाराशीं लावलेलें होतें. मी रोज त्याच्यासमोरून जात असें.

त्या क्रमांकामागचें शहाणपण एवढेंच कीं, तेथें मुलाचें म्हणणें आधीं ऐकलें जावें. घरींहि तसेंच व्हावें. संदेश पुसूं नयेत, धमकावणाऱ्यास पैसे देऊं नयेत, आणि मुलास जवळ बसवूनच तो क्रमांक फिरवावा. “कशाला दिलास?” हा प्रश्न मागाहून विचारतां येतो. मीं तो आधीं विचारला.