दरवाजा आधी, लेसर मागाहून

लेसर कधी आला हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतं. १९६०, अमेरिका, थिओडोर मेमन, माणकाचा स्फटिक. आज आपण बोलणार आहोत ते त्या प्रकाशाच्या दरवाजाबद्दल. आणि गंमत अशी, की दरवाजा लेसरपेक्षा ८५ वर्षांनी थोरला आहे.

१८७५ मध्ये ग्लासगोचे एक शिक्षक, जॉन केर, यांना दिसलं की काचेला विजेचा जबर दाब दिला की तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा बदलते. १८९३ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश पॉकेल्स यांनी काही स्फटिकांमधला असाच परिणाम नीट अभ्यासला. आता दोन जाळ्या घ्या. एक फक्त उभी कंपनं सोडते, दुसरी फक्त आडवी. एकामागे एक ठेवल्या तर अंधार. मध्ये स्फटिक ठेवून व्होल्टेज दिलं, की कंपनं वळतात आणि प्रकाश बाहेर. व्होल्टेज अर्धवट, तर प्रकाशही अर्धवट. हलणारा भाग एकही नाही, म्हणून तर एवढी चपळाई!

पण वापरायचं कशाला? फाळके १९१३ मध्ये मुंबईहून आपल्या नाशकात आले, इथे चित्रपट काढू लागले. ते मूकपट; त्यांना असल्या दरवाजाचं काम नव्हतं. बोलपटात मात्र आवाजाच्या लहरींप्रमाणे प्रकाश कमी-जास्त करून फिल्मच्या कडेला पट्टी उमटवावी लागते. जर्मनीत क्लांगफिल्म कंपनीने त्यासाठी केरचाच दरवाजा वापरला. आत नायट्रोबेंझीन, म्हणजे विषारी द्रव. सांभाळायला कटकटीचाच.

मग लेसर आला. माणकातून प्रकाश ठिबकत, अडखळत बाहेर पडायचा. १९६१ मध्ये हेलवर्थ यांनी सुचवलं: लेसरच्या आतच दरवाजा लावा आणि बंद ठेवा. गंगापूर धरणाचं आपल्याला माहीतच आहे. पाणी थोडं थोडं सोडलं तर गोदाकाठी कुणाला कळतही नाही. तेच एकदम सोडलं तर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला गर्दी. १९६२ मध्ये मॅक्लंग आणि हेलवर्थ यांनी केरच्या दरवाजाने हे करून दाखवलं. माणकात साठलेली ऊर्जा मायक्रोसेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात बाहेर आली. ऊर्जा वाढली नव्हती बरं का, वेळ घटला होता. आणि तेवढ्याने शक्ती शेकडो किलोवॅटवर गेली.

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात १९६४ मध्ये गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला. मेमननंतर अवघ्या चार वर्षांत, हे आपण फारसं सांगत नाही. अर्धवाहक लेसरला वाटलं तर दरवाजाच नको: विजेचा प्रवाह बदला, उजेड बदलतो. मग पॉकेल्स निकालात निघाले का? नाही. प्रवाह फार वेगाने खालीवर केला की प्रकाशाचा रंगही किंचित डगमगतो, आणि लांबच्या काचतंतूत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेळी पोचतात. संदेश फिसकटतो. म्हणून लेसर शांतपणे चालू ठेवायचा आणि दरवाजा बाहेर लावायचा. लिथियम नायोबेटच्या स्फटिकात प्रकाशाच्या दोन वाटा करतात, व्होल्टेज देऊन एकीवरचा प्रकाश रेंगाळवतात, मग दोन्ही एकत्र आणतात. लहरी जुळल्या तर उजेड, विरुद्ध पडल्या तर अंधार, सेकंदाला अब्जावधी वेळा. पॉकेल्सच्या जुन्या पद्धतीच्या स्फटिकाला हजारो व्होल्ट लागायचे. इथे थोडेसेच पुरतात.