जत्रेचा महिना कोण ठरवतं?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ताईचा फोन आला. भाच्याला थीम पार्कला जायचंय, आणि तेही आजी-आजोबांसकट. "तू आयटीवाला ना? मग कधी गेलं की गर्दी कमी असते ते शोधून काढ," एवढं बोलून तिने फोन ठेवला. आयटीवाल्या माणसाला घरचे लोक प्रिंटर दुरुस्तीपासून लग्नाच्या मुहूर्तापर्यंत काहीही विचारू शकतात, हे तुम्हाला सांगायला नको.

शनिवारी सकाळी एक्सेल उघडलं. ओळींमध्ये वर्षाचे ५२ आठवडे आणि रकान्यांमध्ये हवामान, शाळांच्या सुट्ट्या, तिकिटाचे दर, माझा लीव्ह बॅलन्स, ताईचा लीव्ह बॅलन्स. प्रत्येकाला मार्क दिले, बेरीज केली. उत्तर एकदम स्वच्छ आलं. डिसेंबरचा दुसरा आठवडा, मंगळवार किंवा बुधवार. दिवाळीची गर्दी ओसरलेली, नाताळची सुरू व्हायची आहे, हवा थंड, तिकीट स्वस्त. दुसरीतल्या पोराने एक दिवस शाळा बुडवली तर देश बुडत नाही. खूश होऊन मी आण्णांना फोन लावला.

"डिसेंबरात?" आण्णा म्हणाले. "बाग सोडून कसं यायचं रं? डाऊनी काय सुट्टीवर जाती व्हय?"

ज्यांच्या घरी द्राक्षबाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाऊनी हा द्राक्षावरचा रोग. ढगाळ हवा, धुकं, पानावर ओल, एवढं त्याला पुरतं. औषधाची फवारणी एक दिवस चुकली तर वर्षाचं पीक हातचं जाऊ शकतं. त्यामुळे डिसेंबरात आमचे आण्णा आकाशाकडे बघत असतात, आणि ते थीम पार्कच्या उंच पाळण्याकडे बघायला येणार नाहीत हे उघड होतं.

फोन ठेवल्यावर एक गोष्ट डोक्यात अडकून बसली. लहानपणी आमच्या घरची वर्षातली एकमेव 'ट्रिप' डिसेंबरातच असायची! जतच्या यल्लमादेवीची जत्रा. मग हाच महिना तेव्हा मोकळा होता आणि आता नाही, असं झालं तरी काय?

आधी जत्रेविषयी. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. पलीकडे विजापूर. निम्म्या तालुक्यात कन्नड सहज बोललं जातं, त्यामुळे जत्रेत भाव मराठीत सांगितला जातो आणि घासाघीस कन्नडमध्ये होते. मार्गशीर्षात, म्हणजे साधारण डिसेंबरात, देवीची यात्रा भरते. तिच्याबरोबर खिलार जनावरांचा बाजार. पांढरेशुभ्र, उंच शिंगांचे बैल, त्यांचे दात बघून वय सांगणारे म्हातारे, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरणारा सौदा (जगातला पहिला एन्क्रिप्टेड व्यवहार हाच असावा :) ). आज्जा सांगायचा, त्याच्या तरुणपणी ते बैलगाडी घेऊन, भाकरी बांधून जायचे आणि मुक्काम करायचे. आमच्या वेळी एसटीने जाऊन संध्याकाळी परत. पण पाळणा, जादूचे खेळ, विहिरीत फिरणारी मोटरसायकल, भेंडबत्तासे, सगळं होतं. आमच्यासाठी तेच डिस्नेलँड.

आता मुद्दा असा की डिसेंबरच का? देवीचा महिना म्हणून, हे एक उत्तर आहेच. सौंदत्तीच्या यल्लमाचीही मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा मोठी असते. पण शेताच्या बांधावरून बघितलं तर आणखी एक उत्तर दिसतं.

जत हा पर्जन्यछायेतला तालुका. वर्षभरात सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतताना. म्हणून इथलं जुनं मुख्य पीक खरिपाचं नाही, रब्बीची ज्वारी. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. खरिपाची बाजरी ऑक्टोबरपर्यंत घरात आलेली. म्हणजे मार्गशीर्षात काय परिस्थिती? बाजरी कणगीत, ज्वारी उभी, तिला पाणी द्यायचं नाही कारण द्यायला पाणीच नाही. पाखरं राखायला घरातलं एखादं पोरगं पुरतं. पावसाळ्यानंतरचं गवत खाऊन जनावरं भरलेली, म्हणजे विकायला हीच वेळ. ओढ्याला थोडं पाणी शिल्लक, म्हणजे बाजारात जनावरं पाजता येतात. रस्ते वाळलेले, गाडी चिखलात रुतत नाही. थंडी आहे पण सोसवणारी.

माझ्या एक्सेलमधले सगळे रकाने आज्जाच्या पिढीने न लिहिता भरले होते. हवामान, खर्च, मोकळा वेळ, वाहतूक. आणि उत्तर तेच आलं होतं, डिसेंबर!

या काळात वर सरकार बदलत राहिलं. जत हे डफळ्यांचं संस्थान. १८२७ साली कर्जाच्या वसुलीसाठी ते साताऱ्याच्या छत्रपतींच्या ताब्यात गेलं, १८४१ साली परत मिळालं. १८४८ साली सातारचं राज्य खालसा झाल्यावर जतचा संबंध थेट इंग्रजांशी आला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ साली नवा 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, त्यात जत गेलं, आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. एवढ्या मालकांखालून जाऊनही जत्रा मार्गशीर्षात भरत राहिली, कारण मालक कोणीही असो, ज्वारी कधी पेरायची ते पाऊसच ठरवत होता.

इथे एक शंका येईल. आपली पंचांगं चंद्रावर चालतात आणि शेती सूर्यावर. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे दरवर्षी ११ दिवसांचा फरक. असंच चालू राहिलं असतं तर मार्गशीर्ष सरकत सरकत भर पावसाळ्यात आला असता. मग बग कसा फिक्स केला? अधिक मास! साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना घालायचा. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. त्यामुळे जत्रेची इंग्रजी तारीख मागेपुढे होते, पण ऋतू सुटत नाही. आम्ही दोन सर्व्हरची घड्याळं जुळवताना रडतो, आणि हे लोक शतकानुशतके चंद्र-सूर्य सिंक करत बसले होते. असो.

जत एकटं नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या गावोगावच्या जत्रा बघा, बऱ्याचशा चैत्र-वैशाखात. रब्बी घरात आलेली, पैसा हातात, आणि पुढची पेरणी पावसाशिवाय नाही. पाळणेवाले, तमाशाचे फड याच माळेत एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावकरी येऊन सुपारी देऊन जातात. पावसाळ्यात सगळं बंद. करमणूक गावात यायची ती गाव मोकळं असेल तेव्हाच.

थीम पार्कने नेमकं हेच उलटं केलं. पाळणा एका जागी रोवला आणि माणसांना म्हणाला, आता तुम्ही या. सुरुवात अर्थात हंगामीच होती. कोपनहेगनचं तिवोली १८४३ साली उघडलं, ते उन्हाळ्यापुरतं. नाताळचा हंगाम तिथे १९९४ साली आला, म्हणजे दीडशे वर्षांनी. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ च्या जुलैत, ऐन शाळेच्या सुट्टीत सुरू झालं, आणि पुढे कित्येक वर्षं बिगरहंगामात सोमवार-मंगळवारी बंद असायचं. म्हणजे तिथला हंगाम शाळेने ठरवला. आणि २०१६ पासून तिथे एका दिवसाच्या तिकिटाचा दरही तारखेनुसार बदलायला लागला. गर्दीचा दिवस महाग, रिकामा दिवस स्वस्त.

आपल्याकडे दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली आलं (ते २००८ साली बंद झालं), मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ साली (तेही २०२२ साली बंद झालं), आणि खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ च्या एप्रिलमध्ये. एप्रिलच का, ते सांगायला नकोच. परीक्षा संपलेल्या, मे महिना समोर. मे महिना म्हणजे शाळेची सुट्टी, आणि शाळेची सुट्टी म्हणजे पगारदार आई-बापांची रजा. या वेळापत्रकात ज्वारी कुठेच नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. ज्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे, त्यांचा मोकळा वेळ तोच हंगाम. जत्रेचंही तेच होतं, फक्त तेव्हा गिऱ्हाईक शेतकरी होता.

मग आण्णांचा डिसेंबर कुठे गेला? तो द्राक्षाने खाल्ला. ज्वारीवर घर चालेना म्हणून आमच्या भागात लोक बोअर, शेततळं, टँकर असं करत द्राक्ष-डाळिंबाकडे वळले. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणीही तालुक्याच्या काही भागात पोचलं. पैसा आला, कर्जही आलं. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच बागेतून गेली. पण द्राक्षाचं कॅलेंडर वेगळं. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी, नोव्हेंबर-डिसेंबरात फुलोरा आणि मणी धरणं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, मग एप्रिलमध्ये खरड छाटणी. जो मार्गशीर्ष ज्वारीवाल्याला मोकळा होता, तोच द्राक्षवाल्याला ऐन परीक्षेचा.

जत्रा अजून भरते, जनावरं अजून येतात. पण आण्णा आता एका दुपारी देवीला नारळ वाढवून येतात आणि संध्याकाळी पंपाशी असतात. जत्रा होती तिथेच राहिली. आमच्या घराचा मोकळा महिना मात्र तिच्यापासून सरकला, आणि हे सरकणं दुरुस्त करायला कुठला अधिक मास नाही.

हे लक्षात आल्यावर मला जरा लाज वाटली. मी ५२ ओळी भरल्या, माझ्या रजेचा रकाना होता, ताईच्या रजेचा होता, भाच्याच्या शाळेचाही होता. ज्यांना न्यायचं त्यांचाच नव्हता. नोकरीला लागल्यापासूनची वर्षं मोजली. दिवाळीला मी घरी जातो तेव्हा बाग छाटलेली, आण्णा शेतात. मे महिन्यात ते जरा मोकळे, तेव्हा माझा रिलीज. आम्ही दोघं एकाच वेळी रिकामे, असा एक दिवससुद्धा आठवेना.

रकाना घातला. पुन्हा बेरीज. यावेळी उत्तर आलं जुलै. खरड छाटणीनंतरची महत्त्वाची कामं उरकलेली, काडी पिकत असते, पुढची छाटणी लांब. शाळा चालू, म्हणून गर्दी कमी. फक्त हवामानाच्या रकान्यात शून्य मार्क, कारण खोपोली घाटाच्या पायथ्याशी. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जोराचा पाऊस आणि विजा असल्या की उघड्यावरचे उंच झोके थांबवावे लागतात. म्हणून कोणीही शहाणा माणूस जुलै सुचवणार नाही.

आम्ही जुलैमध्येच गेलो. मंगळवारी. भाचा छपराखालच्या सगळ्या राइड्समध्ये दोन-दोनदा बसला. आई एकीत बसली आणि "परत नगं गं बाई" म्हणून उतरली. आण्णा कशातच बसले नाहीत. छत्री मिटून ते नुसते पावसात उभे राहिले, समोरच्या डोंगरावरून कोसळणारं पाणी बघत. मी म्हटलं, "आण्णा, भिजाल. आत चला."

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "आपल्याकडचा सालभराचा पाऊस हितं आठवड्यात पडतोय. बघू दे जरा."

तासभर तरी बघत होते. तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही, ते मला खरंच सांगता येणार नाही.

तर ज्यांना फक्त सल्ला हवाय त्यांच्यासाठी थोडक्यात. गर्दी टाळायची तर आठवड्याच्या मधला वार, शाळा चालू असतानाचा. थंडी हवी तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा. तारीख पक्की करण्याआधी पार्क त्या दिवशी उघडं आहे ना, ते बघा. पण एक्सेल उघडायच्या आधी एक फोन करा आणि विचारा, "तुम्ही कधी मोकळे?" आमच्याकडे आधी तेच ठरायचं, जत्रा नंतर.

या डिसेंबरला मी दोन दिवसांची रजा टाकली आहे. जतला चाललोय. आण्णा फवारणी करतील, आणि भाच्याला जत्रेत मी नेईन. पाळण्यात बसणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.