फेस

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि धारोष्ण दुधाचा पेला फेसासकट हातात देतात. फेस नसेल तर गिऱ्हाईक पेल्याकडं संशयानं बघतं! गुऱ्हाळात मात्र उलटा न्याय. काहिलीत रस उकळू लागला की भेंडीचं चिकट पाणी पडतं, मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झटपट काढावी लागते. फेस उतू जायला लागला की गुळव्या तेलाचे चार थेंब टाकतो, काहील गप्प.

संस्कृतात हा ‘फेन’. इंग्रजीतला ‘फोम’ आणि लॅटिनमधला ‘स्पूमा’ त्याचेच दूरचे भाऊबंद. ऋग्वेदात इंद्रानं नमुची असुराचं डोकं उडवलं ते पाण्याच्या फेनानं; एवढ्या हलक्या वस्तूला एवढं जड काम क्वचितच मिळालं असेल. फेस करणारा म्हणून रिठ्याला संस्कृतात ‘फेनिल’ म्हणतात. गोव्याची फेणीही फेनावरूनच आली असं सांगतात.

मराठीनं त्याचं क्रियापद केलं. लोणच्यासाठी मोहरी फेसतात. नीट फेसली तर झणका थेट नाकात. आणि जोतिबाचा डोंगर चढताना तोंडाला येतो तो फेस वेगळाच.